उसाचा फड, पत्त्यांचा फड

फड हा शब्द आपल्याकडे तीन ठिकाणी चालतो. उसाचा फड, तमाशाचा फड आणि पत्त्यांचा फड. पहिल्या फडाबद्दल शेतकी खातं दर अंकाला लिहीतच असतं. दुसऱ्याचा विषय जत्रेच्या दिवसांत काढू. या खेपेस तिसऱ्या फडाबद्दल लिहिणं भाग पडलं, कारण हा फड आता देवळामागच्या पिंपळाखालून उठून सरळ घरात आला आहे. आणि घरात तरी कुठे, तर माजघरात नव्हे, पांघरुणाच्या आत.

उसाच्या नोंदीसाठी गट कार्यालयात आलेले सभासद नोंद झाली की हळूच विचारतात. "रमी सरकारनं बंद केली ना, मग पोराच्या मोबाईलवर अजून कशी दिसते?" "गोव्यात उघड चालतं, तेलंगणात बंदी म्हणतात, मग आपल्याकडं नक्की काय?" "कोर्टानंच सांगितलंय हा जुगार नव्हे, असं पोरगं म्हणतंय. खरं का हो?" प्रश्न साधे आहेत, उत्तरं मात्र एका ओळीची नाहीत. आपल्या देशात जुगाराचा कायदा कधीच एक नव्हता. राज्यागणिक तो वेगळा, आणि ज्यांना पैसे कमवायचे होते त्यांनी या वेगळेपणाच्या बांधाबांधानं वाट काढली. ती वाट कशी निघाली आणि आता कुठं अडली, हे आमच्या कुवतीप्रमाणे सांगतो. वकिलाचा सल्ला म्हणून हे वाचू नये; माहिती म्हणून वाचावं.

आपल्या दाराजवळच्या गोष्टीपासून सुरुवात करू. २०२३ च्या ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाला मोबाईलवरच्या क्रिकेटच्या खेळात दीड कोटी रुपये लागले. आपण मनाने एक संघ बांधायचा, थोडे पैसे भरायचे, आणि खऱ्या सामन्यात त्या खेळाडूंनी केलेल्या धावा नि घेतलेले बळी यांवर आपले गुण ठरायचे, असा तो खेळ. चाकणची पोलीस हद्द २०१८ पासून याच आयुक्तालयात आहे, त्यामुळे बातमी आपल्या पारावर यायला वेळ लागला नाही. थोड्याच दिवसांत दुसरी बातमी आली, की उपनिरीक्षक निलंबित झाले. झालं! लोक म्हणाले, म्हणजे तो जुगारच होता. पण निलंबन झालं ते नोकरीच्या शिस्तीवरून. गणवेशात मुलाखती दिल्या, पोलीस दलाच्या प्रतिमेला बाधा आणली, असे आक्षेप होते. खेळाबद्दल म्हणाल, तर तसाच खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या बाबतीत मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्येच 'हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे' असा निकाल दिला होता. म्हणजे महाराष्ट्रात बसून तो खेळणं त्या दिवशी कायद्याने गुन्हा नव्हतं.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच दिवशी तोच संघ कुणी हैदराबादेत बसून बांधला असता, तर त्याला पैसे भरताच आले नसते. तेलंगणाने २०१७ मध्ये आपल्या कायद्यातून कौशल्याच्या खेळाची सवलतच काढून टाकली, आंध्र प्रदेशानेही २०२० मध्ये तेच केलं. म्हणून या कंपन्या त्या राज्यांतल्या लोकांचे पैसे घेत नसत. सोलापुराहून रेल्वेत बसलेला माणूस वाटेत मोबाईल काढून खेळू लागला, तर वाडीपर्यंत तो खेळाडू, आणि गाडी तेलंगणात शिरली की गुन्हेगार. गाडी एकच, माणूस एकच, पत्तेही तेच.

(दीड कोटींतले हाती किती येतात तेही सांगून टाकू. अशा निव्वळ जिंकलेल्या रकमेवर २०२३ पासून तीस टक्के कर मुळातच कापला जातो. शेतीच्या उत्पन्नाची सवलत याला नाही, आणि हरलेले पैसे दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाहीत. पुष्कळ जण विचारतात म्हणून लिहिलं.)

ही हद्द आली कुठून? आपल्या घटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राचे विषय कोणते आणि राज्यांचे कोणते याच्या याद्या आहेत. राज्यांच्या यादीत चौतिसावी नोंद आहे, पैज आणि जुगार. म्हणजे दारूबंदीसारखाच हा विषय ज्याच्या त्याच्या राज्याचा. यात विपरीत काही नाही. एकाच देशात दोन राज्यांचे नियम वेगळे असणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जलिकट्टूसाठी तामिळनाडूने २०१७ च्या जानेवारीत वटहुकूम काढून मैदान मोकळं केलं, आणि इकडे खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळातले घाट मात्र ओस. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही कायदा केला, पण हायकोर्टाने तो अडवला. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली तेव्हा कुठं आपल्याकडे भिर्रर्र झालं. पुढे १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दोन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. मधल्या चार-पाच वर्षांत पोसलेली खोंडं दावणीलाच म्हातारी झाली, हे इथल्या गाडामालकांना विसरता येणार नाही. जाता जाता एक सांगतो. शर्यत कायदेशीर झाली, तिच्यावर लावलेली पैज नाही. घाटावर बैल पळवणं वेगळं, आणि बैलावर पैसे लावणं वेगळं.

उसाचंच उदाहरण घ्या. २०२३ च्या सप्टेंबरात राज्याबाहेर ऊस न्यायला बंदी करणारी अधिसूचना निघाली, सीमेवरच्या शेतकऱ्यांनी आरडाओरड केली आणि थोड्याच दिवसांत ती मागे घेतली गेली. बंदी बरी की वाईट हा इथला विषय नव्हे. पण ती अमलात आणायची म्हटली, तर नाक्यावर ट्रक अडवता येतो, ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉल्या मोजता येतात. ऊस जड आहे, डोळ्यांना दिसतो. पांघरुणाखालच्या मोबाईलमधून गेलेले पाचशे रुपये कुठल्या नाक्यावर अडवणार?

आणि ही अडचण मोबाईलने आणली असं समजू नका. ती आपल्या आजोबांच्या काळातली आहे. बेंगळुरूहून 'स्पोर्टिंग स्टार' नावाचं साप्ताहिक निघे. त्यात आर. एम. डी. सी. शब्दकोड्यांची स्पर्धा असायची. कोडं भरायचं, सोबत प्रवेशमूल्य पाठवायचं, आणि संपादकांनी आधी ठरवून ठेवलेल्या उत्तराशी आपलं उत्तर जुळलं की बक्षीस. साप्ताहिक छापायचं म्हैसूर राज्यात, खपायचं मात्र मुंबई राज्यातही भरपूर. मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटरी व बक्षीसस्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला होता, पण तो राज्याबाहेर छापलेल्या पत्रांना लागत नव्हता. म्हणून १९५२ मध्ये दुरुस्ती करून बाहेरची पत्रंही त्यात ओढली. चालक आर. एम. डी. चमारबागवाला कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं, की आमचा धंदा बेंगळुरूत. मुंबई सरकारचा संबंध काय?

सुप्रीम कोर्टाने १९५७ च्या एप्रिलात निकाल दिला तो मुंबई राज्याच्या बाजूने. छापखाना कुठंही असो; पत्र इथं खपतं, कोडी इथले लोक भरतात, प्रवेशिका गोळा करण्याची केंद्रं इथं आहेत आणि पैसेही इथूनच जातात, एवढा संबंध राज्याला पुरेसा आहे असं कोर्ट म्हणालं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. व्यापार-धंद्याच्या स्वातंत्र्याचं जे कवच घटनेने दिलं आहे ते जुगाराला नाही, कारण जुगार हा व्यापारच नव्हे. त्याच दिवसांतल्या दुसऱ्या एका खटल्यात कोर्टाने हेही स्पष्ट केलं, की ज्या स्पर्धेत यश बहुतांशी कौशल्यावर अवलंबून आहे ती मात्र जुगारात मोडत नाही. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांतली सगळी भांडणं या फटीतून आली. कौशल्य की नशीब?

आपला जुगारप्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. इंग्रजांच्या वेळचा, पण अजून चालू. त्याच्या तेराव्या कलमात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. रमी कशात मोडते? आंध्रच्या एका क्लबाच्या खटल्यात १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. कुठली पानं पडली हे ध्यानात ठेवावं लागतं, कुठलं धरायचं आणि कुठलं टाकायचं याला डोकं लागतं. तीन पत्तीचं तसं नाही, ती नशिबाची. गणपतीच्या जागरणाला दोन्ही खेळणाऱ्या मंडळींना हा फरक कोर्टाच्या आधीपासून ठाऊक असेल.

पण त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे, जे जाहिरात करणाऱ्यांनी कधी सांगितलं नाही. खेळ रमीचा असला तरी जागेचा मालक त्या खेळातून नफा काढत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा होऊ शकतो, असं कोर्ट म्हणालं होतं. क्लबाने पत्त्यांच्या जोडाचे आणि टेबलाचे चार पैसे घेतले तर ती गोष्ट वेगळी. मोबाईलवरचा मालक दर डावातून आपला हिस्सा कापून घेई, मग तुम्ही जिंका की हरा. पत्त्यांच्या फडावर 'नाल' काढणारा असतो ना, तोच हा. फरक इतकाच की याचा नाल दिसत नव्हता. "कोर्टाने सांगितलंय" म्हणणाऱ्या पोराला हे वाक्य जरूर वाचून दाखवावं.

जमिनीवरचे नियम पाहिले तर राज्याराज्यांतली तफावत आणखी मजेची दिसते. १९७६ हे साल ध्यानात ठेवा. त्या वर्षी गोवा, दमण व दीवसाठी जुगाराचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही कॅसिनोंवर नियंत्रण नि कर ठेवणारा कायदा विधिमंडळात मंजूर केला. पुढे काय झालं? गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगाराला वाट दिली, १९९६ मध्ये बोटींवरच्या कॅसिनोंना. आज मांडवीत संध्याकाळी जे दिवे लखलखतात ते त्यातून आले. महाराष्ट्राचा कायदा मात्र पुस्तकातच राहिला. तो अमलात आणल्याची अधिसूचना कधी निघालीच नाही. कॅसिनोवाल्यांचे अर्ज आणि कोर्टकज्जे मधूनमधून होत राहिले, आणि शेवटी २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं कायदा होता आणि त्याखाली एकही कॅसिनो उघडला नाही!

आणि गोव्याचं तरी काय? २०२० च्या फेब्रुवारीपासून गोवेकरांनाच कॅसिनोत जायला मनाई आहे. पाहुण्यांनी हरावं, आपल्या पोरांनी नको, असा त्याचा साधा अर्थ. हे पाहुणे कोण, तर चाकण-तळेगावातून शुक्रवारी रात्री गाड्या भरून जाणारी मंडळीही त्यांत आहेत. गोवा सरकारला जो धोका स्वतःच्या घरात कळतो तो आपल्याला आपल्या घरात कळू नये, याचं आम्हाला नवल वाटतं.

पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यावर पैसे लावणं कायदेशीर. तोच घोडा, तीच शर्यत, पण पैसे कुंपणाबाहेर लावले की बेकायदा. महाराष्ट्र सरकारची स्वतःची लॉटरी १९६९ पासून. सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये सांगितलं, की ज्या राज्याला परराज्यांची लॉटरी बंद करायची आहे त्याने आधी आपली बंद करावी. मटका तर मुंबईत साठच्या दशकात वाढला नि तालुक्यातालुक्यांत पोचला. त्याला कुठल्याच राज्याने परवानगी दिली नव्हती, त्यामुळे त्याच्याविषयी निदान संभ्रम तरी नव्हता.

मोबाईल आल्यावर हीच तफावत वेड्यासारखी वाढली. सिक्कीमने २००८ मध्ये ऑनलाइन खेळांचे परवाने देण्याचा कायदा केला, पुढे खेळ राज्याच्या हद्दीतल्या केंद्रांपुरता ठेवला. नागालँडने २०१५ मध्ये कौशल्याच्या खेळांसाठी परवाने काढले. तेलंगण-आंध्राचं वर सांगितलंच. केरळने २०२१ मध्ये पैसे लावून ऑनलाइन रमी खेळायला बंदी केली, ती हायकोर्टाने काही महिन्यांत उडवली. तामिळनाडूत तर एक बंदी कोर्टाने मोडली, मग २०२२ मध्ये दुसरा कायदा झाला. त्यातून २०२३ मध्ये हायकोर्टाने रमी आणि पोकर वगळले, पण राज्याला नियम करता येतील असं मान्य केलं. मग २०२५ मध्ये नियम आला, की रात्री बारा ते पहाटे पाच पैशांचा खेळ बंद. ही वेळ कुणी ठरवली असेल त्याला घरातलं दुखणं नीट ठाऊक असावं. पाणी धरायला रात्री उठणाऱ्या बापाला पोराच्या खोलीतला उजेड याच वेळी दिसतो.

आपल्या मराठी मुलखाच्या काठावर काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैशांचे ऑनलाइन खेळ गुन्हा ठरवले, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत तिथल्या हायकोर्टाने ती दुरुस्ती रद्द केली. मधल्या चार महिन्यांत निपाणीत जो गुन्हा होता तो कागलात नव्हता. ज्यांचं घर एका राज्यात आणि उसाचं रान दुसऱ्या राज्यात, अशी घरं त्या पट्ट्यात थोडीथोडकी नाहीत. मोटारीवर पाणी सोडायला गेलेला माणूस बांध ओलांडला की कायदा बदलायचा.

आणि ज्यांचा हा धंदाच आहे ते लोक हद्दीला भीत नाहीत. २०२१ च्या मार्चमध्ये आपल्या गहुंजे स्टेडियमवर भारत-इंग्लंड सामने झाले. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी होती. पण जवळच्या डोंगरावरून आणि इमारतीतून दुर्बिणी आणि लांबचं दिसणारे कॅमेरे लावून काही जण सामना पाहत बसले होते. क्रिकेटचं वेड म्हणावं, तर तसं नव्हे. मैदानात चेंडू पडतो आणि टीव्हीवर दिसतो यांत काही सेकंदांचं अंतर असतं. तेवढ्यात फोनवरून सांगायचं, आणि ज्याला अजून चेंडू दिसलेलाच नाही त्याच्याशी पैज घ्यायची. पिंपरी-चिंचवड पोलिसांनी तेहतीस जणांना पकडलं. ते एका राज्यातले नव्हते, वेगवेगळ्या राज्यांतून आलेले होते. पैज लावणाऱ्याला वाटतं आपण नशिबाशी खेळतोय. समोरच्याने चेंडू आधीच पाहिलेला असतो.

आता सध्याच्या स्थितीकडे येऊ. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा केंद्रीय कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. इतक्या झटपट आमच्या सोसायटीचा ठरावसुद्धा होत नाही. या कायद्याने कौशल्य की नशीब हा जुना वादच बाजूला सारला. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ, मग तो कसलाही असो, बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. पैशांचा व्यवहार करून देणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंतची कैद आणि एक कोटीपर्यंतचा दंड. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही; तो फसलेला आहे असं धरलं आहे. पैसे न लावता खेळायचे खेळ आणि स्पर्धात्मक ई-क्रीडा यांना आडकाठी नाही. मोठ्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात आपले पैशांचे डाव बंद केले.

कंपन्या अर्थातच कोर्टात गेल्या. जो विषय घटनेने राज्यांना दिला त्यावर केंद्राने कायदा कसा केला, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा. निरनिराळ्या हायकोर्टांतले हे अर्ज सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आपल्याकडे घेतले. राज्याचा अधिकार मोठा की केंद्राचा, हे विद्वान लोक ठरवतील. (त्याच वर्षी जुलैमध्ये विधिमंडळातल्या मोबाईलवरच्या पत्त्यांवरून वर्तमानपत्रांत पुष्कळ रकाने भरले. आम्ही त्यांत भर घालत नाही.) गोव्याच्या बोटी, पुण्याचं रेसकोर्स, सरकारी लॉटरी हे मात्र ऑनलाइन नसल्यामुळे जिथल्या तिथं आहेत. मोबाईलपुरता देश एक, जमिनीवर हद्दी पूर्वीच्याच.

मग पोराच्या मोबाईलवर अजून दिसतंय ते काय? ते बहुधा परदेशातून चालणारं. त्यांना ना तेलंगणाचा कायदा लागत होता ना महाराष्ट्राचा. ते कर भरत नाहीत, त्यांचं कार्यालय कुणी पाहिलेलं नाही. "आमचा खेळ अमक्या राज्यात परवानाप्राप्त आहे", "तमक्या देशाचं लायसन आहे" असं ते लिहितात. राज्याराज्यांतल्या तफावतीची सवय झालेल्या आपल्या माणसाला ते खरं वाटतं. असेल बुवा तिकडं चालत! पैसे भरायला ते दर वेळी नव्या माणसाचं खातं देतात. ती खाती कुणाची असतात, तर कंपनीत कंत्राटावर असलेल्या, घरी पैसे पाठवणाऱ्या एखाद्या गरीब पोराची. महिन्याला काही रुपये देऊन पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड घेतलं जातं. पुढे गुन्हा दाखल झाला की पोलीस प्रथम त्याच्याच दारात येतात. सभासदांच्या घरातल्या कुणी आपलं खातं असं 'भाड्याने' दिलं असेल, तर बँकेत जाऊन ते ताबडतोब बंद करावं.

चाकणच्या बाबतीत हे अधिक सांगावं लागतं. गेल्या तीसएक वर्षांत बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन असे मोठे कारखाने आले, जमिनी गेल्या, मोबदला आला. कांद्याच्या आणि बैलांच्या बाजाराचं गाव देशभरच्या कामगारांचं झालं. उरलेल्या रानात ऊस आणि मोकळ्या जागेत भाड्याच्या खोल्या, असा पुष्कळांचा संसार आहे. त्या खोल्यांबद्दल एक गोष्ट. १८८७ च्या कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे जुगाराचा अड्डा चालवणारा जसा गुन्हेगार, तसा जाणूनबुजून आपली जागा त्यासाठी वापरू देणारा मालकही. एका खोलीत दहा मोबाईल, चार लॅपटॉप आणि सामन्याच्या दिवशी दार बंद, भाडं मात्र दुप्पट आणि रोख. असा भाडेकरू भेटला तर भाड्यावर खूश न होता चौकशी करावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिलेली असली की आपली बाजू स्वच्छ राहते.

आणि उसाचं बिल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचं असतं, ते बँकेत जमा होतं. वर्षातून एकदा, फार तर दोन-तीन हप्त्यांत येणारे हे पैसे. आडसाली लावली तर पंधरा-सतरा महिने राबल्यावरचे. खातं बापाचं, पण मोबाईल नंबर पोराचा जोडलेला. बापाला संदेश वाचता येत नाही, ओटीपी पोरालाच येतो. बिल जमा झाल्याचा निरोप बापाच्या आधी पोराला कळतो ही यंत्राची सोय आहे, आणि दुखणंही तिथंच आहे. सोसायटीचं पीककर्ज फिटायच्या आधीच खातं रिकामं झाल्याच्या गोष्टी आम्ही ऐकतो. नावं लिहीत नाही. ज्यांच्या घरात झालं त्यांना ठाऊक आहे. खात्याला स्वतःचा नंबर जोडून घ्यावा. पासबुक दर महिन्याला भरून घ्यावं. मोबाईलवरून एका दिवसात किती पैसे जावेत याची मर्यादा बँकेत सांगून कमी करता येते, ते करावं. पैसे फसवणुकीने गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा; जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. आणि पोरावर नुसतं ओरडून भागत नाही. हरलेला माणूस हरलेलं परत मिळवायला खेळतो. त्याला आधी हिशेब सांगायची वाट मोकळी हवी, नाहीतर तो तोंड लपवत दुसरं कर्ज काढतो.

कर्जावरून शेवटचा मुद्दा. आणि यातही आपल्या मुलखाचा कायदा इतरांहून निराळा आहे. भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. पैजेत जिंकलेल्याला हरलेल्यावर दावा लावून पैसे वसूल करता येत नाहीत. पण पैजेसाठी तिसऱ्याच कुणी उसने दिले असतील तर? घेरूलाल पारख खटल्यात १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की पैज रद्दबातल असली तरी ती बेकायदा नव्हे, म्हणून तिला जोडून केलेला दुसरा करार त्याच कारणाने बाद होत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात मात्र त्याच्याही आधीचा, १८६५ चा कायदा आहे. त्याप्रमाणे पैजेला पोसण्यासाठी केलेला जोडकरारही रद्दबातल. म्हणजे जुगारासाठी आहे हे माहीत असून कुणी पैसे दिले, तर कोलकात्यात त्याला दावा लावता येईल, चाकणात त्या पैशांसाठी कोर्ट त्याच्या मदतीला येणार नाही.

तेव्हा सामन्याच्या रात्री दहा टक्के महिन्याने पैसे पुरवणारा माणूस सकाळी दारात येऊन सातबारा मागू लागला, तर घाबरून खरेदीखतावर किंवा कोऱ्या मुद्रांकावर सही करू नये. आधी वकिलाला दाखवावं. बँकेचं, पतसंस्थेचं किंवा सोसायटीचं कर्ज यात बसत नाही, ते फेडावंच लागतं, पैसे कुठं गेले याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. आणि सावकाराला पैसे कशासाठी हवे होते हे माहीत होतं, हे आपल्यालाच दाखवावं लागतं. त्याच्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पैसे पाठवल्याच्या नोंदी, चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. पोरं घाबरून पहिल्यांदा तेच पुसून टाकतात.